लाघवाची परीक्षा : हलक्या सायकलीचा आणि तिच्या ब्रेकचा इतिहास

मराठीत वजनाविषयीचे शब्द सरळ नाहीत. 'हलका' म्हणजे कमी वजनाचा, तसाच कमी प्रतीचाही. 'वजनदार' माणसाला सभेत पुढची खुर्ची मिळते, आणि 'जड' हा शब्द एकाच वेळी भाराचा व अचेतनाचा वाचक ठरतो. या सगळ्यांत 'लाघव' हा शब्द मात्र आपली प्रतिष्ठा राखून आहे. व्याकरणशास्त्राने त्याला मोठे स्थान दिले. अर्धी मात्रा वाचली तरी उत्सव मानणारे वैयाकरण आपल्या परंपरेत होऊन गेले. पण त्याच परंपरेने लाघवाला एक अटही घातली : संक्षेपामुळे संदेह निर्माण होता कामा नये. सूत्र आखूड झाले आणि अर्थ निसटला, तर ते लाघव व्यर्थ होय.

डिस्क ब्रेकची हलकी रोड सायकल सुटे भाग निवडून जुळवू पाहणाऱ्या आजच्या माणसापुढे नेमका हाच प्रश्न असतो, असे आम्हांला वाटते. फ्रेम, पुढचा चिमटा, चाके, डिस्क, टायर, गिअर, हँडल, सीट : प्रत्येक भागाच्या पुढे ग्रॅममधला एक आकडा छापलेला असतो, आणि या आकड्यांची बेरीज म्हणजेच सायकल असा भ्रम सहज होतो. सायकल किती हलकी, एवढाच प्रश्न विचारला जातो. 'कोणत्या परीक्षेनंतर हलकी?' हा त्याचा उत्तरार्ध बहुधा गळतो. हा उत्तरार्ध इतिहासात कोणी, केव्हा आणि कोणत्या किमतीवर विचारला, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. लोहाराची भट्टी आणि पंचेचाळिशीची अट

फ्रान्सच्या परिक्रमेची शर्यत, म्हणजे 'टूर द फ्रान्स', १९०३ साली सुरू झाली. तिचा सूत्रधार आंरी देग्रांज हा 'लोतो' या क्रीडापत्राचा संपादक. तो स्वतः सायकलपटू होता. १८९३ साली पॅरिसमध्ये त्याने एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापून तासाच्या विक्रमांची परंपरा सुरू केली होती. शर्यत हा माणसाच्या स्नायूंचा आणि इच्छाशक्तीचा कस आहे, यंत्राने त्यात लुडबुड करू नये, अशी त्याची धारणा होती. गिअर बदलण्याची सोय त्याच्या मते पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक होती. (प्रस्तुत लेखक त्या मर्यादेच्या उंबरठ्यावर असल्याने या मतावर तटस्थपणे लिहिणे त्यांना अवघड आहे.)

त्याच्या विरुद्ध बाजूस सेंत-एत्येन गावचा पॉल द विव्ही उभा होता. १८५३ साली जन्मलेल्या या गृहस्थाने १८८७ साली सायकलविषयक नियतकालिक काढले आणि पुढे 'वेलोसिओ' या टोपणनावाने तो ओळखला जाऊ लागला. डोंगराळ मुलखात एकाच गिअरवर झुंजणे यात शौर्य नसून शक्तीचा अपव्यय आहे, हे त्याने आयुष्यभर लिहून आणि स्वतः सायकल चालवून मांडले. मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३० पर्यंत, त्याचे मत पर्यटकांत मान्य झाले होते. शर्यतीत मात्र देग्रांजचा शब्द चालत होता. शर्यतपटू मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वेगवेगळे चक्र बसवीत आणि घाट लागला की खाली उतरून चाक उलटे करून लावीत. देग्रांजने सूत्रे खाली ठेवल्यानंतर, १९३७ साली, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर या शर्यतीत प्रथम अधिकृतपणे आला.

या दोघांच्या वादात एक तिसरा माणूस आहे आणि त्याला मत विचारलेच गेले नाही. १९१३ साली पिरेनीज पर्वतातील तुर्माले घाट उतरताना युजेन क्रिस्तॉफच्या सायकलीचा पुढचा चिमटा तुटला. नियमानुसार बाहेरची मदत घेणे वर्ज्य होते. तो सायकल खांद्यावर घेऊन दहा किलोमीटरांहून अधिक अंतर पायी उतरला, सेंत-मारी-द-कांपां या गावातील लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हाताने चिमटा जोडला आणि पुढे निघाला. भट्टीचा भाता एका मुलाने हलवला, म्हणून अधिकाऱ्यांनी त्याला वेळेचा दंडही केला. ही कथा आजवर जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. आम्हांस ती एका सुट्या भागाची कथा म्हणूनही वाचावीशी वाटते. घाटाच्या उतारावर चिमटा तुटणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले त्याच्यासाठी त्या भागाचे वजन हा दुय्यम तपशील होता.

२. यंत्रांची स्पर्धा

१९३४ पासून फ्रान्समध्ये पर्यटनाच्या सायकलींसाठी तांत्रिक स्पर्धा भरू लागल्या. त्यांना 'यंत्रांची स्पर्धा' असेच नाव होते. ड्युरॅल्युमिन या हलक्या मिश्रधातूचा प्रचार हा आरंभीचा एक हेतू होता. पण स्पर्धेची घडण विचारपूर्वक केलेली होती. सायकल हलकी असेल तर गुण मिळत. त्यानंतर तीच सायकल डोंगरांतल्या खडबडीत रस्त्यांवर काही दिवस, शेकडो किलोमीटर चालवावी लागे. शेवटी परीक्षक पुन्हा प्रत्येक भाग तपासत. मडगार्ड सैल झाले, दिवा बंद पडला, तार तुटली, तर गुण कापले जात.

रने एर्स आणि आलेक्स सँझे या कारागिरांची कीर्ती अशा स्पर्धांतून झाली. एर्सने क्रँक, ब्रेक असे भाग स्वतः घडवले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ च्या स्पर्धेत सँझेच्या कारखान्याने उतरवलेली सायकल मडगार्ड, दिवे आणि सामानाची चौकट यांसह सात किलोंहून किंचित कमी वजनाची होती. कार्बन तंतूंचा तेव्हा मागमूस नव्हता. पोलादाच्या पातळ नळ्या, अ‍ॅल्युमिनियमचे भाग आणि कारागिराचा हात एवढ्यावर हे साधले होते.

येथे लाघवाची व्याख्या प्रथमच पूर्ण झाली. हलकेपणाला बक्षीस होते, पण रस्त्यावर टिकल्यानंतर. एखाद्या सूत्राचा संक्षेप उदाहरणांवर लावून पाहावा, तशी ही पद्धत होती. १९४० च्या दशकाअखेर त्या स्पर्धा थांबल्या. त्यांच्याबरोबर वजनाच्या आकड्यामागची ही दुसरी तपासणीही सार्वजनिक जीवनातून मागे पडली.

३. ब्रेक नसलेला आदर्श

२५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत एदी मर्क्सने एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. एर्नेस्तो कोल्नागोने त्याच्यासाठी बांधलेली सायकल पावणेसहा किलोंच्या आसपास होती. हँडलला आणि चेनलाही भोके पाडून धातू कमी केला होता. या सायकलीचे छायाचित्र पुढे हलकेपणाची प्रतिमाच होऊन बसले. १९७० च्या दशकात ब्रेकच्या मुठी, पुढची दातेरी चक्रे, सीटचा दांडा अशा मिळेल त्या भागाला भोके पाडण्याची लाट आली. कारागीर निपुण असेल तर त्या भोकांची नक्षी सुंदर दिसे. तो निपुण नसेल तर प्रत्येक भोक म्हणजे तड्याचे आमंत्रण ठरे.

या अनुकरणात मूळ संहितेचा संदर्भ हरवला होता. मर्क्सची सायकल बंद धावपट्टीसाठी, एका माणसासाठी, एका तासासाठी होती. तिला एकच गिअर होता आणि ब्रेक मुळीच नव्हता. धावपट्टीच्या सायकलीला तो नसतोच. म्हणजे हलकेपणाचा जो आदर्श रस्त्यावर आणला गेला, त्यातून थांबण्याचा प्रश्नच वगळलेला होता. संदर्भ सोडून अवतरण उचलण्याचे दोष आपण विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत दाखवतो. येथे तोच दोष धातूत घडला, एवढेच.

थांबण्याचा प्रश्न रस्त्यावर किती गंभीर असतो, हे त्याच्या बारा वर्षे आधी दिसले होते. १० जुलै १९६० रोजी चोवीस वर्षांचा रोजे रिव्हिएर पेर्ज्युरे घाटाच्या उतारावर गास्तोने नेन्चिनीच्या मागे होता. वळणावर त्याचा ताबा सुटला, तो दरीत पडला आणि पाठीच्या कण्याला झालेल्या इजेमुळे त्याची कारकीर्द तिथेच संपली. प्रथम त्याने दोष मेकॅनिकला दिला : रिमवर तेल राहिल्याने ब्रेक लागला नाही. पुढे उघड झाले, आणि त्याने स्वतः मान्यही केले, की त्याने तीव्र वेदनाशामक घेतले होते. बोटांची संवेदना मंदावली होती आणि मूठ आवळली जात नव्हती. ब्रेकचा इतिहास लिहिताना हा प्रसंग आम्हांस फार मोलाचा वाटतो. अपघातानंतर यंत्राची साक्ष प्रथम काढली जाते, कारण यंत्र उलट बोलत नाही.

४. सहा किलो आठशे ग्रॅम

१९९३ च्या जुलैमध्ये ग्रेम ओब्री या स्कॉटिश सायकलपटूने स्वतः घडवलेल्या सायकलीवर तासाचा विक्रम मोडला आणि आठवड्याच्या आत ख्रिस बोर्डमनने तो पुन्हा मोडला. १९९६ साली बोर्डमन ५६.३७५ किलोमीटरपर्यंत पोहोचला. विक्रम माणसाचा की आसनाचा व यंत्राचा, हा देग्रांजचा जुना प्रश्न नव्या रूपात परतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे आंतरराष्ट्रीय सायकल संघाने एक सनद स्वीकारली. यंत्रापेक्षा माणसाचे प्राधान्य मानावे, हे तिचे सार. त्या भूमिकेतून पुढे आलेल्या नियमांत १ जानेवारी २००० पासून शर्यतीच्या सायकलीचे किमान वजन ६.८ किलो ठरले. जुन्या धाटणीच्या सायकलीवर तासाचा विक्रम पुन्हा मोजला गेला, तेव्हा बोर्डमनने २००० साली ४९.४४१ किलोमीटर कापले. मर्क्सपेक्षा दहा मीटर अधिक! अठ्ठावीस वर्षांच्या प्रगतीतून यंत्र वजा केल्यावर एवढेच उरले.

६.८ हा आकडा सुरक्षिततेसाठी होता, पण त्याने केवळ अर्धी परीक्षा घेतली. सायकल या वजनाखाली जाऊ नये, एवढेच त्याने सांगितले. ती टिकते का, थांबते का, हे वजनकाटा सांगू शकत नव्हता. कार्बनच्या फ्रेम हलक्या होत गेल्या, तसे काही संघांचे मेकॅनिक किमान वजन भरण्यासाठी सायकलीला वजने जोडू लागले. एका बाजूने ग्रॅम वाचवायचे आणि दुसऱ्या बाजूने शिसे भरायचे, असा हा विनोदी काळ होता.

मात्र या नियमाचा एक परिणाम अनपेक्षित झाला, आणि तो आमच्या विषयाच्या केंद्राशी आहे. वजनाला तळ असल्यामुळे फ्रेममधून वाचलेले ग्रॅम अन्यत्र खर्च करायला मोकळीक मिळाली. रिम ब्रेकच्या तुलनेत डिस्क ब्रेकने सायकलीचे वजन साधारण तीनशे ते पाचशे ग्रॅमने वाढते. तळ नसता, तर शर्यतीच्या जगाने एवढा भार कधी स्वीकारला असता का, याची शंका वाटते. यंत्राला लगाम घालण्यासाठी केलेल्या नियमाने नव्या यंत्राला दार उघडून दिले, असे म्हणता येईल.

५. चकतीचा प्रवेश

डिस्क ब्रेकची कल्पना जुनीच आहे. फ्रेडरिक लँचेस्टरने मोटारीसाठी तिचे पेटंट १९०२ साली घेतले होते. १९५३ साली ल मान्सच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार जिंकली आणि तिचे महत्त्व जगाला पटले. सायकलीत ती प्रथम डोंगरी सायकलींवर रुळली. २०१० साली चिखलातल्या सायक्लोक्रॉस शर्यतींत तिला मुभा मिळाली. रस्त्यावरच्या सायकलींसाठी द्रवदाबावर चालणारे ब्रेक २०१३ साली बाजारात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस एका अमेरिकी कंपनीला असे सारे ब्रेक परत मागवावे लागले, कारण कडाक्याच्या थंडीत त्यांचे सील निकामी होत होते. प्रयोगशाळेत जे कळले नाही ते हिवाळ्याने सांगितले.

व्यावसायिक शर्यतींत चाचणी सुरू असतानाच १० एप्रिल २०१६ रोजी पॅरिस-रूबे शर्यतीत फ्रान व्हेन्तोसो या स्पॅनिश खेळाडूच्या पायाला खोल जखम झाली. ती डिस्कच्या कडेने झाली असे त्याने जाहीर पत्रात लिहिले आणि चाचणी स्थगित झाली. जखम खरोखर डिस्कचीच होती का, यावर नंतर शंकाही घेतली गेली. रिव्हिएरच्या प्रकरणाची येथे आठवण होते. साक्ष कोणाची मानावी, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला नवा नाही. पण या वेळी एक चांगले घडले. वाद मिटण्याची वाट न पाहता डिस्कच्या कडा गोलाकार करण्यात आल्या. २०१७ मध्ये चाचणी पुन्हा सुरू झाली, त्या वर्षी मार्सेल किटेलने टूर द फ्रान्सचा लिएज येथे संपणारा टप्पा डिस्क ब्रेकवर जिंकला, आणि १ जुलै २०१८ पासून त्याला रीतसर मान्यता मिळाली. तरीही २०२० साली तादेय पोगाचारने ही शर्यत जिंकली तेव्हा निर्णायक चढावर त्याची सायकल रिम ब्रेकचीच होती. जुनी वस्तू हरली म्हणून गेली, असे इतिहासात क्वचितच होते. पुष्कळदा ती बनवणारे तिच्यापासून दूर जातात, म्हणून ती जाते.

६. निवडीचे प्रकरण

आता जुळवणीकडे वळू. गणितापासून सुरुवात करणे बरे. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले आणि अर्धा किलो वाचवला, तर तासाभराच्या खड्या चढावर वीस-एकवीस सेकंद वाचतात. शर्यतीत हे पुष्कळ आहे, इतरत्र ती पाणी पिण्याची वेळ आहे. आता उलट बाजू पाहू. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना एक हजार मीटरांहून अधिक उंची उतरावी लागते. ८५ किलोंसाठी हजार मीटरांचा हिशेब सुमारे ८३० किलोज्यूल होतो. एवढ्या उष्णतेने जवळजवळ पावणेतीन लिटर पाणी उकळीला येईल. त्यातला काही वाटा वारा घेतो. वळणावळणाच्या, सावकाश उतरण्याच्या रस्त्यावर मात्र मोठा वाटा ब्रेकलाच पचवावा लागतो. रिम ब्रेकमध्ये ही उष्णता रिममध्ये जाते, आणि कार्बनच्या रिमला ती सोसत नाही. भर पावसात तर ओल्या रिमवर ब्रेक लागण्याआधी चाक बरेच फिरून जाते. सह्याद्रीतल्या घाटांत जून ते सप्टेंबर सायकल चालवणाऱ्याला डिस्कचे समर्थन वेगळे करून सांगावे लागू नये.

म्हणून डिस्कचा व्यास निवडताना कंजुषी करू नये, असे आमचे मत आहे. १४० आणि १६० मिलिमीटरच्या चकत्यांत फरक वीस ग्रॅमच्या आसपास असतो. निदान पुढे तरी १६० घ्यावी, कारण थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे चाक करते. ब्रेकमधील द्रवाचाही विचार हवा. काही कंपन्या खनिज तेल वापरतात, काही मोटारीसारखा डॉट द्रव. डॉट द्रव हवेतले बाष्प शोषतो, त्यामुळे तो ठरावीक काळाने बदलावाच लागतो. एकाच्या जागी दुसरा घातला तर सील खराब होतात. आपल्या गावात कोणता द्रव आणि तो भरणारा कुशल हात मिळतो, हा प्रश्न ग्रॅमांच्या आधी विचारावा.

चाकाच्या आसाची गोष्ट रोचक आहे. एका तरफेने चाक झटकन काढता येण्याची युक्ती तुल्लिओ काम्पान्योलोने १९३० च्या सुमारास आणली. बर्फाळ घाटात गोठलेल्या बोटांनी चाकाची चावी फिरेना, तेव्हा ती सुचली अशी आख्यायिका आहे. पाऊण शतक ती अढळ राहिली. डिस्क ब्रेक मात्र चाकाला एकाच बाजूने पकडतो आणि त्याचा जोर आसाला चिमट्याच्या खाचेतून बाहेर ढकलू शकतो. म्हणून खाचेच्या जागी पूर्ण छिद्र आणि त्यातून आरपार जाणारा १२ मिलिमीटरचा आस आला. येथे काही ग्रॅम वाढले. क्रिस्तॉफला ते नक्कीच पटले असते.

वजन कमी करायचेच तर कोठे करावे? टायर आणि ट्यूबमध्ये करावे, पण रुंदी घटवून नव्हे. रिम ब्रेकच्या कवेत फार रुंद टायर मावत नसे; डिस्कने ते बंधन सुटले आणि २८ मिलिमीटरचा टायर रस्त्यावर सर्वमान्य झाला. खराब रस्त्यावर तो कमी दाबाने, कमी हादऱ्याने चालतो. मागच्या गिअरचक्रांत, सीटमध्ये, सीटच्या दांड्यात वाव असतो. बाटलीच्या कडीला अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट चालतील, ब्रेकला चालणार नाहीत. हँडल आणि त्याला धरणारा स्टेम हलका हवा असेल तर बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना आधी घ्यावा आणि हँडल मग. फ्रेमबाबत एवढेच, की दीडशे ग्रॅमच्या फरकासाठी दुप्पट पैसे मोजण्याआधी तेवढ्याच पैशांत चांगली चाके मिळतात का, हे पाहावे.

या सर्व सूचना एका वाक्यात सांगता येतील. जो भाग निकामी झाल्यास सायकल फक्त थांबते, तेथे लाघव करावे; जो निकामी झाल्यास सायकल थांबतच नाही, तेथे करू नये.

७. समारोप

देग्रांजने माणसाचा कैवार घेतला, पण भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला दंड केला. लुगानोच्या सनदेने पुन्हा माणसाचे नाव घेतले आणि हाती वजनकाटा दिला. या दोहोंच्या मध्ये, काही वर्षेच टिकलेल्या त्या यंत्रांच्या स्पर्धेत, हलक्या वस्तूला रस्त्यावर पाठवून तिची परत आल्यावर तपासणी करण्याची शहाणी रीत होती. ती कोणी नियमाने आता लादणार नाही. आज सुटे भाग जुळवणारा माणूसच स्वतःचा कारागीर आणि स्वतःचा परीक्षक असतो. त्याने नव्या सायकलीचे वजन जरूर करावे. मात्र ते एका पावसाळ्यानंतर, प्रत्येक बोल्ट, प्रत्येक तार आणि ब्रेकचे पॅड तपासून झाल्यावर पुन्हा एकदा करावे. त्या दुसऱ्या खेपेला जो आकडा येईल, तोच तिचा खरा आकडा.